जीव नसलेलं तेल

"नाकाला पदर लाव गं, एरंडेलाची मोटार आली!"

शाळेच्या फाटकाबाहेर पेरूच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या दोघींपैकी एक दुसरीला म्हणाली, आणि दोघींनी खरोखरच पदर नाकाला लावले. शनिवारची दुपार होती. मी फाटकाच्या आतल्या बाजूला बॅग पायांशी ठेवून उभी होते. मोटार अजून वळणावर दिसतही नव्हती. फक्त वास पुढे आला होता. लहानपणी ज्याला नाक दाबून चमचा पाजलेला आहे, त्याला तो वास वेगळा सांगावा लागत नाही. माझ्यामागे व्हरांड्यात मुली हसत होत्या. मी वळून पाहिलं नाही. मग मोटार आली, तिच्याबरोबर निळ्या धुराचा एक ढग आला, पेरूवाल्या खोकू लागल्या, आणि त्या ढगाच्या आतून आप्पांचा खणखणीत आवाज आला, "आक्काऽ! चल बाई लौकर, सूर्य काय कुनासाठी थांबत न्हाय!"

जगात मोटारी हाकणारे पुष्कळ झाले असतील. पण इंजिनात घालायच्या तेलाचं कूळ, गोत्र आणि मागच्या जन्माची चौकशी करून मगच त्याला आत घेणारा माणूस आमच्या आप्पांवाचून दुसरा झाला नसेल. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. निपाणीला आमचा तंबाखूचा व्यापार. अंगाने उंच, किडकिडीत, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल आणि कोटाच्या वरच्या खिशात एक मोरपीस. हे मोरपीस शोभेचं नव्हतं. मोटारीत बसण्याआधी ते त्या पिसाने बैठक हलकेच झाडत, म्हणजे तिथे आधीपासून एखादी मुंगी बसली असेल तर तिला उठायला वेळ मिळावा. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय त्यांनी कधी प्यायलं नाही, दिवस मावळल्यावर कधी घास घेतला नाही. आमच्या जैन घरात यात नवल काही नव्हतं. आई आणि अण्णाही तसंच करत. फरक एवढाच, की बाकीच्यांचा धर्म स्वयंपाकघरात आणि बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, राहत असे, आणि आप्पांचा धर्म मोटारीत बसून बेळगावपर्यंत येत असे.

मला बेळगावला नन्सच्या इंग्रजी शाळेत घालायचं, हा हट्टही आप्पांचाच. निपाणीला तंबाखू बघायला गोरे साहेब येत, आणि त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत एका दलालाच्या तोंडून पोचे. साहेब हात हलवत, हसत, रागावत भरपूर बोले, आणि दलाल म्हणे, "साहेब म्हणतात, माल ओला आहे." आप्पांना प्रश्न पडे, की मग उरलेलं बोलणं गेलं कुठं? घरातलं एक तरी माणूस त्या भाषेत बसलं पाहिजे असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांचे मुलगे वखारीतून हलायला तयार नसल्यामुळे ती पाळी माझ्यावर आली. माझे वडील, म्हणजे अण्णा, राजी नव्हते. मुलगी परक्या गावात, दिवस मावळल्यावर जेवणाऱ्यांच्या पंगतीला! अखेर ते एका अटीवर कबूल झाले. दर शनिवारी मुलगी घरी आली पाहिजे; आणि तीही सर्व्हिस मोटारीत परक्यांच्या मांडीला मांडी लावून नव्हे, घरच्या माणसाबरोबर. "ज्या शनवारी तुमी आणाया जायचा न्हाईसा आप्पा, त्या शनवारी तिची शाळा संपली बघा," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि अण्णा एकदा बोललेलं बदलत नसत. महिन्याभरात आप्पांनी एक जुनी अमेरिकन मोटार आणून दारात उभी केली. तेव्हापासून माझी शाळा मोटारीवर, मोटार तेलावर, आणि तेल आप्पांच्या मनावर अवलंबून राहिलं.

मोटार हाकायला ते स्वतः शिकले, आणि शिकताना जे त्यांना पटलं नाही ते त्यांनी सोडून दिलं. पुढचे दिवे त्यांनी कधी लावलेच नाहीत, कारण दिव्यावर पाखरं येऊन मरतात. काकूंनी त्या दिव्यांना दोन टोपडी शिवून घातली होती, आणि त्यामुळे आमची मोटार समोरून डोळे आल्यासारखी दिसे. पावसाळ्यात रस्त्यावर बेडूक आले, की आप्पा मोटार थांबवून खाली उतरत आणि एकेकाला ओंजळीत उचलून पलीकडच्या बांधावर नेऊन सोडत. एखादा उलटा फिरून पुन्हा रस्त्यावर येई. "अरं, इकडं काय ठिवलंय तुझं?" असं त्याला विचारून ते पुन्हा उचलत. मागे बैलगाड्यांची रांग लागे, गाडीवान ओरडत, आणि मी आपली पुस्तक डोळ्यांपुढे धरून बसे. मोटारीवर रागवायचं तर आप्पा कन्नडात रागवत आणि तिला चुचकारायचं तर मराठीत. सोमवारी सकाळी बेळगावला जाताना तवंदीचा घाट लागला, की आधी "नडी, नडी!" म्हणजे चाल, चाल, असा दरडावणीचा सूर लागे, मग अर्ध्या चढावर "चल माझी बाई, एवढं चढ, मग सपाट हाय" अशी विनवणी सुरू होई, आणि नेमकी स्तवनिधीच्या देवळाजवळ मोटार बंद पडे. आप्पांना याचं कधी वाईट वाटलं नाही. "देवानंच थांबिवलं, चल दर्शन घिऊ," म्हणत ते उतरत. शाळेत दर सोमवारी मला उशिराचं कारण विचारलं जाई. कारण मला माहीत असे, पण ते इंग्रजीत कसं सांगायचं हे नन्सनी शिकवलेलं नव्हतं. मी मुळातच वर्गात तोंड उघडत नसे. मी नुसती उभी राहत असे.

तेलाचा प्रश्न उभा केला तो मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्याने. आमच्या ओट्यावर बसून, पान लावत, तो सहज म्हणाला, की गिरण्यांतल्या यंत्रांना जनावरांची चरबी लावतात. तो पान खाऊन निघून गेला आणि आप्पांची झोप घेऊन गेला. आपल्या मोटारीत तरी काय आहे, कुणाला ठाऊक? मोटारीबरोबर आलेलं तेल काढून टाकायचं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं आणि नव्या तेलाच्या शोधाला निघाले. पेट्रोलबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती. त्याबद्दल एकदा अण्णांनीच विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "पेट्रोल जळून जातंय, ते सरपन. तेल आत ऱ्हातंय, अंगाला लागतंय, ते अन्न. सरपन कुनी बी दिऊ दे. अन्न बघूनच घ्याया पायजे."

बघून घेणं म्हणजे काय, ते निपाणीच्या बाजारातल्या मोटारसामानाच्या दुकानदाराला चांगलं कळलं. त्याने एक डबा काढून दिला. डब्यावर बैलाचं डोकं होतं. आप्पांनी तो दोन बोटांनी लांब सारला.

"आप्पा, बैलावानी ताकद हाय म्हनून बैल काढलाय त्येच्यावर."

"ताकद हाय म्हनून काढलाय, का त्येचंच हाय म्हनून काढलाय?"

"काडेपेटीवर घोडा असतोय, तर काय घोड्याच्या काड्या असत्यात व्हय?"

"तवा काडेपेटीबी बदल," आप्पा म्हणाले, आणि दुसरा डबा मागवला. तो बिनचित्राचा होता. आप्पांनी त्याचा वास घेतला, चिमटीत घेऊन चोळून पाहिलं, मग खिशातून कापूस काढून त्याची वात वळली, त्या तेलात बुडवून पेटवली आणि तिच्या धुराकडे बराच वेळ पाहत बसले. तरी समाधान होईना. शेवटची परीक्षा मुंगीची. चरबी असेल तर मुंगी येणारच, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी दुकानाच्या पायरीवर पिंपळाच्या पानात थेंबभर तेल ठेवलं आणि समोर उकिडवे बसले. पण मुंग्या खरोखरच येऊ लागल्या, तेव्हा त्या तेलात बुडून मरतील अशी भीती त्यांना वाटली. म्हणून ते हातातल्या मोरपिसाने त्यांना परत वळवू लागले. परीक्षेसाठी मुंगी यायला हवी आणि धर्मासाठी तिने येता कामा नये, अशा कोड्यात ते दुपार टळेपर्यंत बसून होते. भोवती बाजारकरी जमले. मी मोटारीच्या मागच्या बैठकीवर खाली सरकत सरकत जवळजवळ पायांच्या जागेत पोचले होते.

"मुंगीला इचारून तेल घेताय व्हय आप्पा?" दुकानदार म्हणाला.

"मुंगी लबाड बोलत न्हाय," आप्पा म्हणाले, आणि पान उचलून, तेल पुसून, रिकाम्या हाताने घरी आले.

मग त्यांना एरंडेल सुचलं. झाडाचं बी, आपल्याच शेताच्या बांधावरचं, आणि दाटसर. यंत्राला यापेक्षा काय हवं? पूर्वी विमानांतसुद्धा हेच घालत, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, त्यामुळे आमची मोटार आता विमानाच्या जातीची झाली, अशी त्यांची खात्री पटली. एरंडाच्या बिया ते स्वतः निवडत. एखादीत किडा निघाला, की तो त्याच बीसकट बांधावर, त्याच झाडाखाली परत जाई. मग बोरगावच्या घाण्यावर ते समोर बसून तेल काढून घेत. बसल्या बसल्या घाण्याच्या बैलाची विचारपूस करत, त्याला मधेमधे थांबवायला लावत, आणि घाणेवाला वैतागला की त्यालाच गूळ-शेंगा देऊन बसवत. आलेलं तेल दुहेरी फडक्यातून गाळून, उन्हात ठेवून, पुन्हा गाळून मोटारीत जाई. निवळ, सोनेरी तेल. ते ओतताना आप्पांच्या चेहऱ्यावर पाहुण्याला ताट वाढल्याचं समाधान असे.

मोटार त्या तेलावर धावली, हे खरं आहे. पण तिने त्याची बातमी वाटेतल्या प्रत्येक गावाला दिली. निपाणीत तिचा वास आला, की लहान मुलं दिसेनाशी होत. "गप बस, न्हायतर आप्पांची मोटार बोलावीन," असं सांगून आया मुलांना जेवायला बसवत. माझे कपडे, माझ्या वेण्या, भूगोलाचं पुस्तक, सगळ्याला तो वास होता. सोमवारी मी वर्गात शिरले, की खिडक्या उघडल्या जात. मुलींनी माझं नाव 'कॅस्टर' ठेवलं. हे नाव ठेवणारी डोरीन माझ्याच बाकावर बसे; कॅम्पात तिच्या वडिलांचं मोटारसामानाचं मोठं दुकान होतं, आणि तेलाच्या बाबतीत तिचा शब्द वर्गात शेवटचा मानला जाई. पण तिने ठेवलेल्या नावापेक्षाही मला लाजवलं ते मदर सुपीरियरनी. त्यांनी एकदा मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने, हळू आवाजात विचारलं, की मुली, तुझं पोट बरेच दिवस बिघडलेलं आहे का? मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली, ते मला आठवत नाही.

घरी यातलं मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अण्णांनी शाळा थांबवली असती, आणि आप्पांना वाटलं असतं, की आपलं तेल मुलीला लागलं. ते दर शनिवारी वाटेत विचारत, "आज काय बोललीस विंग्रजीत?" मी म्हणे, "पुष्कळ." ते खूश होत. गावात सगळ्यांना सांगत, "आमची आक्का विंग्रजीत असं बोलती, असं बोलती, की सायब गप बसतोय!" माझं इंग्रजी तोवर कुठल्याच साहेबाने ऐकलेलं नव्हतं. नन्सनीसुद्धा फारसं ऐकलेलं नव्हतं.

दिवाळीच्या लांब सुटीत मोटार उभी राहिली, आणि तिथे घोटाळा झाला. शाळा उघडायच्या सोमवारी आप्पा हँडल फिरवायला गेले, तर हँडल हलेना. त्यांनी कन्नडात सांगून पाहिलं, मराठीत सांगून पाहिलं. शेवटी मोटारीला बैलजोडी जुंपली आणि बाजारातून मिस्त्रीकडे नेली. उतरून चालत जावं, तर आप्पा म्हणाले, "बस गं, शाळेलाच निघालीयास तू." म्हणून मी भर बाजारातून, बैलांनी ओढलेल्या मोटारीत, दप्तर मांडीवर घेऊन बसून गेले. हसणाऱ्यांत आमच्या वखारीतले लोकही होते.

मिस्त्रीने इंजिन उघडलं, आत बोट घातलं आणि पाकासारखी तार काढून दाखवली. "आप्पा, हे तेल न्हाय ऱ्हायलं. काकवी झालीया."

"मग धुऊन घाल की."

"धुतो. रॉकेलनं धुतो. पन पुन्यांदा एरंडेल घाटलासा, तर मोटार भंगारात घालाया मला बोलवू नगासा. कंपनीचं तेल आना, न्हायतर बैल कायमचं जुंपा."

अण्णा तिथे उभे होते. त्यांनी फक्त माझ्या दप्तराकडे पाहिलं. मोटार धुऊन होईपर्यंत आठवडा गेला, आणि उरलंसुरलं एरंडेल घालून आप्पांनी मला बेळगावला पोचवलं. पुढच्या शनिवारी न्यायला आले, ते फाटकातून सरळ कॅम्पाकडे वळले. "मोठ्या दुकानात बघू," ते म्हणाले. "जीव नसलेलं तेल मिळालं तर मोटार ऱ्हाईल. न्हाय मिळालं तर..." पुढचं त्यांनी हॉर्न वाजवून पुरं केलं.

मोठं दुकान म्हणजे डोरीनच्या वडिलांचं. हे मला पायरीशी गेल्यावर कळलं, कारण आत फळीमागच्या स्टुलावर डोरीनच बसली होती. तिने मला पाहिलं, मग आप्पांना पाहिलं, मग हवेत नाक वर करून जरासा वास घेतला. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले. लाल चेहरा, डोक्यावर हॅट. वरचे पत्रे तापत म्हणून असेल, पण ती ते दुकानातसुद्धा काढत नसत. आप्पांनी नमस्कार केला आणि मला पुढे ढकललं.

"इचार त्याला. ह्यात गाय हाय का, डुक्कर हाय का, मासा हाय का."

माझे कान तापले. मी डोरीनकडे न पाहता, डब्याकडे पाहून, इतक्या हळू विचारलं की साहेबांना दोनदा "हं?" करावं लागलं. मग ते मोठ्याने हसले. "सांग म्हाताऱ्याला, गाय नाही, डुक्कर नाही, देवमासाही नाही. हे जमिनीखालून, खडकातून काढतात. दगडाचं तेल आहे." मी सांगितलं. आप्पांचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर वाटलं, माझी शाळा आणि आप्पांचा धर्म एकाच डब्यात मिळाले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला.

"पण डॅडी, ते नुसतं दगडाचं नसतं," डोरीन स्टुलावरून म्हणाली. ती हुशार होती. "सिस्टरनी मागच्याच आठवड्यात शिकवलंय. समुद्रातले बारीक बारीक जीव मेले आणि तळाशी साठले, त्यांचं होतं ते." मग माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. ही होती वर्गात."

मी वर्गात होते. चित्रही काढून घेतलं होतं.

"काय म्हनली गं ती पोरगी?" आप्पांनी विचारलं.

दुकानात आप्पांना इंग्रजी कळत नव्हतं आणि त्या दोघांना मराठी. मी काहीही सांगितलं असतं तरी ते खरं ठरलं असतं. 'काही नाही आप्पा, तेल चांगलं आहे म्हणते,' एवढंच म्हटलं की झालं. पुढच्या शनिवारी मोटार येईल, अण्णा गप्प राहतील. पण आप्पा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, तशी नजर दलालाकडे पाहताना त्यांची कधी नसे. मी सांगितलं. बारीक जीव, समुद्र, गाळ, दगड, तेल; सगळं, क्रमाने.

आप्पांनी डबा हळूच फळीवर परत ठेवला. आत कुणी झोपलेलं असावं असा.

"मारलं कुनी त्येंना?"

"कुणी नाही. आपोआप मेले."

"म्हंजे आयुष्य सरलं आन गेलं." ते विचार करत होते. "किती वर्सं झाली?"

"मोजता येणार नाहीत, आप्पा. माणूस नव्हता तेव्हाची गोष्ट."

"आन पेट्रोल?"

"तेही त्यांचंच."

"सरपनबी त्येंचंच," आप्पा पुटपुटले. साहेब पेन्सिलीने फळीवर टकटक करत होते. मी मनातल्या मनात वसतिगृहातली माझी ट्रंक भरायला घेतली होती. खाली पुस्तकं, वर कपडे. शेवटी आप्पांनी विचारलं, "मग त्येंचं सुतक कुनी धरलं हुतं का?"

मला कळेना ते काय म्हणताहेत. "नाही, आप्पा. कोण धरणार?"

आमच्यात जवळच्या माणसाच्या मरणाची बातमी उशिरा पोचली, तर सुतकाचे दिवस कमी होत जातात. वर्षानंतर कळली तर नुसती अंघोळ करायची. आप्पा बोटांवर हाच हिशोब करत होते. पेरावर पेर मोजत ते कुठवर गेले कुणास ठाऊक. मग त्यांनी बोटं सोडून दिली.

"लई उशिरा कळलं गं आपल्याला. सुतक न्हाय लागत. अंघोळ तेवढी करायची." त्यांनी सुस्कारा टाकला. "कुनी मारल्यालं न्हाईत, आन कुनी रडल्यालं बी न्हाईत. घिऊया तेल. घरचं म्हनून घिऊया."

ते तेल आमच्या मोटारीत पुढे लढाई सुरू होऊन पेट्रोल कुपनांवर येईपर्यंत चाललं. मोटारीचा वास गेला. 'कॅस्टर' हे नाव मात्र मॅट्रिकपर्यंत राहिलं. नवा डबा फोडला, की आप्पा विहिरीवर जाऊन आधी अंघोळ करून येत, थंडीतसुद्धा. आता ती मोटार गोठ्याशेजारी विटांवर उभी आहे, आणि दिव्याच्या एका टोपड्यात चिमणीने घर केल्यामुळे तिला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे. आप्पांना आताशा नीट दिसत नाही. पेट्रोल मोकळं झालं का, हे ते अजून माझ्याकडून वर्तमानपत्रातून वाचून घेतात, आणि नाही म्हटलं की म्हणतात, "बरं, चिमनीची पिल्लं तरी उडू देत तवर."

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आप्पांनी तेल घ्यायचं कबूल केलं, तरी डबा उचलला नाही.

"असं नुसतं उचलून न्हेनं बरं न्हवं," ते म्हणाले. "समोर हायती तवर घटकाभर उघड्या डोक्यानं उभं ऱ्हाऊया. आन त्या सायबालाबी सांग. इतकी वर्सं त्येच्या दुकानात हायती, म्हंजे त्येच्या घरचंबी मयतच की."

आणि त्यांनी भर दुकानात डोक्याचा रुमाल सोडला. घराबाहेर त्यांचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. रुमालाने कपाळावर पडलेला वळ, वर उभे राहिलेले चार पांढरे केस. एवढा उंच माणूस एकदम लहान दिसू लागला. ते हात जोडून, डोळे मिटून, तेलाच्या डब्यांच्या रांगेपुढे उभे राहिले आणि ओठांतल्या ओठांत नवकार म्हणू लागले. डोरीनने हसू दाबायला तोंडावर हात धरला होता. सोमवारी वर्गात ही गोष्ट कशी सांगितली जाईल, तिच्यात आप्पा कसे उभे राहतील, कोण कोण त्यांची नक्कल करील, ते सगळं मला तिच्या डोळ्यांत आधीच दिसत होतं. मला लाज वाटत होती. इतकी, की पायांखालची फरशीसुद्धा मला नीट दिसत नव्हती. "काय झालं काय या म्हाताऱ्याला?" साहेबांनी विचारलं. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. मी सांगेन याची त्यांना खात्री होती.

मी मान वर केली. आवाज माझाच होता, पण दुकानाबाहेर रस्त्यावरही गेला असावा, इतका मोठा.

"साहेब," मी इंग्रजीत म्हणाले, "कृपा करून तुमची हॅट काढा. आपल्यातलं कुणीतरी गेलं आहे."